मोड नसलेला दागिना

मराठी घरात दागिना घेताना दोन प्रश्न ठरलेले असतात: किती ग्रॅमचा, आणि मोडला तर किती येतील. हे दोन्ही प्रश्न ज्याला लागूच पडत नाहीत, अशा दागिन्याचा भाव ठरवायचा कसा? तांब्याच्या तारेत गुंफलेला अकीकाचा खडा, पितळी कोंदणातला लॅब्राडोराइट, मण्यामण्याला गाठ मारून ओवलेली जांभळ्या अ‍ॅमेथिस्टची माळ. हिवाळा आला की असा माल मांडून बसलेले स्टॉल जिकडेतिकडे दिसतात. पुण्यात भीमथडी, मुंबईत काळा घोडा, आणि मधल्या शनिवार-रविवारी कर्वे रस्त्यावरच्या हॉलमधली छोटी प्रदर्शनं. चिठ्ठीवर 1,100 लिहिलेलं असतं, आणि समोरच्या बाई माळ हातात घेऊन, वजन अजमावत विचारतात, "पण यात सोनं-चांदी काय आहे?"

या प्रश्नावर माझ्या ओळखीच्या एका काका-पुतणीचं कधी एकमत होत नाही. काकांनी उमेदीची सगळी वर्षं नाशिकच्या सराफ बाजारात काढली. पुतणी पुण्यात राहते, दगडांचे दागिने हाताने करते आणि जवळजवळ फक्त प्रदर्शनांतूनच विकते. नावं छापून यायला नकोत, असं दोघांचंही म्हणणं. वाद मात्र छापण्यासारखा आहे, म्हणून थोडा कातरून इथे देते आहे.

काका: हा लाल खडा. याला 1,100 लावलेस. खडा केवढ्याला पडला?

पुतणी: दोनशे वीस.

काका: आणि बाकी?

पुतणी: तार, हूक, दोरा, डबी, पिशवी धरून 180. चारशेचा माल झाला.

काका: चारशेच्या मालावर सातशे चढवलेस! सराफाने असं केलं तर गिऱ्हाईक पायरी चढायचं नाही.

पुतणी: सातशे माझे नाहीत, काका. दोन तास लागतात. तासाला दोनशे धरले, त्याचे चारशे. राहिलेले तीनशे स्टॉलचे. तीन दिवसांचं भाडं 18,000. टेम्पो, मदतीला ठेवलेली मुलगी, खाणंपिणं यांचे सहा हजार. झाले चोवीस हजार. ऐंशी नग गेले तर एकेका नगावर तीनशे बसतात. ते मी घरी नेतच नाही.

काका: आणि साठच गेले तर?

पुतणी: तर नगावर चारशे बसतात. माझ्या मजुरीतले शंभर गेले.

काका: चाळीस गेले तर सहाशे. दोन तासांचे तुला शंभर. थांब, उलटा हिशेब कर. नगामागे माल सोडून सातशे सुटतात. म्हणजे पहिले चौतीस नग जाईपर्यंत मजुरीचा रुपयासुद्धा तुझा नाही. पस्तिसाव्या नगापासून तुझं दुकान सुरू होतं.

हा हिशेब काकांनी बोटं न मोडता केला. पुतणीने समजायला सोपं जावं म्हणून सगळे नग एकाच भावाचे धरले होते. प्रत्यक्षात तिच्या स्टॉलवर अडीचशेच्या कानातल्यांपासून साडेसहा हजारांच्या हारापर्यंत सगळं असतं. काकांची नजर लगेच त्या कानातल्यांवर गेली.

काका: मग या अडीचशेच्या जोडीवर स्टॉलचे तीनशे कसे बसवलेस?

पुतणी: सुरुवातीला खरंच तसं करायचे आणि कानातली परवडत नाहीत म्हणून बंद करायला निघाले होते. आता भाडं नगांवर वाटत नाही, भावावर वाटते. अठ्ठ्याऐंशी हजारांची विक्री धरली आणि चोवीस हजार खर्च धरला, तर रुपयामागे सत्तावीस पैसे स्टॉलचे. अडीचशेच्या जोडीवर अडुसष्ट. माल ऐंशीचा, कारण माळेतून उरलेले मणी त्यात जातात. पाव तासाचे पन्नास. तरीही पन्नासेक रुपये उरतात. आणि रुपयात पंचवीस-तीस पैशांपेक्षा जास्त खर्च मागणाऱ्या प्रदर्शनाला मी जात नाही, मग तिथे कितीही मोठे पाहुणे येवोत.

काका: हे बरोबर आहे. पण तासाचे पैसे मागतेस ते मला पटत नाही. नवशिक्या मुलीला हाच खडा गुंफायला पाच तास लागतील. तिचा दागिना तुझ्याहून महाग?

पुतणी: नाही. सराईत हाताला लागेल तेवढाच वेळ धरायचा. हळू काम करण्याचा भुर्दंड गिऱ्हाइकावर कशाला? पण काका, आता तुमच्या घडणावळीचं बोलू. ती टक्क्यांत का सांगता?

काका: रीत आहे.

पुतणी: रीत कुणाच्या सोयीची? सोन्याचा भाव चढला की घडणावळही चढते. बांगडी तीच, नक्षी तीच, कारागिराची पाठ तेवढीच वाकलेली. वाढलेला पैसा त्याला जातो का?

काका: नाही जात. कारागिराला आम्ही ग्रॅमवर देतो, घट धरून. टक्केवारी दुकानाची.

पुतणी: म्हणजे वजन काट्यावर कळतं, भाव वर्तमानपत्रात कळतो, आणि हाताचे किती, ते गिऱ्हाइकालाही कळत नाही आणि हातवाल्यालाही नाही.

काका: पण मोड आहे ना, बाई! घडणावळ बुडाली तरी सोनं उरतं. तुझा खडा उद्या कोण परत घेणार?

पुतणी: काकूंची पैठणी मोडली तर किती येतील?

काका: हे तू चुकीच्या माणसाला विचारलंस. जुन्या पैठणीची जर खरी असायची, चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. पदर जाळून चांदी काढायचे लोक. आमच्या दुकानात घेतलेली आहे.

पुतणी: आणि तेव्हा विणकराचे महिने किती आले त्या मोडीत?

काकांनी उत्तर दिलं नाही. माझ्या मते सगळ्या घासाघिशीचं मूळ इथेच आहे. आपल्याकडे सोनं घेणं हा खर्च समजला जात नाही. पैसे एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवले, एवढंच. दगडाचा दागिना हा मात्र सरळ खर्च. तो समोर आला की आपण नकळत सराफाचाच काटा काढतो, त्यावर तांबं आणि दगड ठेवतो, आणि काट्यावर काहीच चढलं नाही म्हणून भाव पाडून मागतो. समोरच्या बाईचा यात दोष नाही. तिच्या आईने आणि आजीने तिला दागिना पाहायची एकच पद्धत शिकवलेली असते.

काका: ते राहू दे. पण बोहनीला तरी पन्नास सोडत जा. पहिलं गिऱ्हाईक आम्ही रिकाम्या हाताने जाऊ द्यायचो नाही.

पुतणी: तुम्ही काय सोडायचात? सोन्याचा भाव?

काका: छे! घडणावळीतून.

पुतणी: पाहा, पुन्हा हातातूनच. खडेवाला मला सोडत नाही, हॉलवाला सोडत नाही, टेम्पोवाला तर नाहीच. सोडण्यासारखं माझ्याकडे एकच असतं, ते माझे दोन तास. शिवाय अकराशेचे आठशे केले की ती बाई खूश होत नाही. तिला वाटतं, अजून मागितलं असतं तर सातशेला दिलं असतं. आणि भिशीत सांगते की ती स्टॉलवाली सुरुवातीला वाटेल ते भाव सांगते.

काका: हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात चारशे सांगतात आणि दीडशेला देतात. कुणी रागावत नाही.

पुतणी: तिथे सांगणाराही ते धरूनच सांगतो. परदेशी पाहुण्याने पूर्ण दिले तर त्याचं नशीब. मला तसं सांगता येत नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायका पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी एकदा सूट दिली की नेहमीची गिऱ्हाइकं पुढच्या वेळी रविवारी सातलाच उगवणार.

काका: म्हणजे गिऱ्हाइकाला तुझ्याकडून काहीच नाही?

पुतणी: आहे ना. तार सैल झाली, दोरा तुटला, हूक गेला, तर विनामूल्य दुरुस्त करून देते. घेतल्याची पावती असो वा नसो. माझी माळ मी ओळखते.

काका: हं. आमच्या गल्लीत पटवेकर ओट्यावर बसायचे, मंगळसूत्रं, पोती गाठवून द्यायचे. लोक त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जायचे. हे तुझं त्या जातीचं आहे, सराफीच्या नव्हे.

पुतणी: मला चालेल ते.

मधल्या काही गोष्टी मी कातरल्या आहेत. क्यूआर कोड लावल्यापासून सुट्ट्याची कटकट संपली आणि बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर विकणाऱ्याला शुल्क पडत नाही, पण मैदानात गर्दी झाली की नेटवर्क जातं, म्हणून गल्ल्यात नोटा लागतातच. पिवळ्या दिव्याखाली जांभळा खडा मळकट दिसतो, म्हणून स्वतःचे पांढरे दिवे न्यावे लागतात (सराफसुद्धा सोन्यावर पिवळा आणि हिऱ्यावर पांढरा उजेड टाकतात, हे काकांनी मोठ्या खुशीत सांगितलं). आरसा टेबलावर ठेवण्यापेक्षा हातात दिलेला बरा. यात दोघांचा वाद नव्हता. साडेसहा हजारांच्या हारावर मात्र पुन्हा रंगत आली.

काका: हा हार कधी जातो का गं?

पुतणी: फारसा नाही. पण त्याच्या शेजारी ठेवलं की अकराशेची भीती वाटत नाही.

काका: आमच्या काचेत एक चपलाहार होता, मोठा, जुन्या घडणीचा. एकदा एक कुटुंब आलं आणि सरळ घेऊन गेलं. त्या दिवशी विक्री झाल्याच्या आनंदापेक्षा वडिलांना काच ओकी दिसते, याचंच दुःख जास्त झालं!

ही युक्ती मला तितकीशी आवडत नाही, पण तिला लबाडी म्हणता येणार नाही. हार खरोखर विकायलाच ठेवलेला असतो. लबाडीची जागा वेगळी आहे, आणि ती काकांनीच दाखवली. त्यांनी टेबलावरची काळ्या मण्यांची माळ उचलली.

काका: हा काय?

पुतणी: काळा ऑनिक्स.

काका: इतका एकसारखा काळा?

पुतणी: रंगवलेला अकीक आहे. बाजारातला बहुतेक काळा ऑनिक्स तसाच असतो. दगड साखरेच्या पाण्यात मुरवायचा, मग गंधकाच्या आम्लात टाकायचा. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेली साखर जळून कोळसा होते. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइन गावात एकोणिसाव्या शतकात ही रीत चांगलीच रुळली होती. रंग पक्का असतो, जात नाही.

काका: मग चिठ्ठीवर "ऑनिक्स" एवढंच का लिहिलंस?

पुतणी: सगळे तेवढंच लिहितात.

काका: कित्येक सराफ बावीस कॅरेट म्हणून अठराचं देत होते, तेव्हाही "सगळेच देतात" असंच म्हणायचे. 2021 मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा आमच्यातले बरेच जण कुरकुरले. मी कुरकुरलो नाही. भाव धरून बसायचं असेल ना, तर आधी मालाचं खरं सांगावं लागतं. तुझी घासाघीस नको ही अट मला मान्य आहे, पण ती फुकट मिळत नाही.

इथे काकांची बाजू घेतल्यावाचून मला राहवत नाही. दगडांच्या बाजारात खोटं बोलण्याइतकंच अर्धवट बोलणं चालतं. पांढरा हाउलाइट निळा रंगवला की फिरोजा होतो. ॲमेथिस्ट तापवला की पिवळा पडतो आणि सिट्रीन म्हणून विकला जातो. बाजारातला बराचसा सिट्रीन असाच बनलेला असतो. सोनेरी ठिपक्यांचा गोल्डस्टोन हा तांब्याचे कण असलेली काच आहे, आणि निळसर दुधी ओपलाइटही काचच. यातलं काही विकणं गुन्हा नाही. काच सुंदर असते, रंगवलेला अकीकही सुंदर असतो. पण रंगवलेला हाउलाइट फिरोजाच्या भावाने दिला, तर "हाताला मोल द्या" ही विनंती तोंडात शोभत नाही. घेणाऱ्यालाही थोडं तपासता येतं: नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवलेला कापूस मण्याच्या छिद्रापाशी घासला आणि निळा झाला, की कच्चा रंग उघडा पडतो. काकांनी उचललेला काळा ऑनिक्स मात्र या परीक्षेत पास होईल. तिथे विकणाऱ्याच्या शब्दावरच भागवावं लागतं.

पुतणी इतकीही कच्ची नाही. तिने लगेच दुसरं उदाहरण पुढे केलं.

पुतणी: सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तुम्हीच मला नेलं होतंत. ते हिरवे, गुलाबी, पिसासारखे स्फटिक पाहून लोक माझ्याकडे तसली अंगठी मागतात. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट तर जगभर नावाजलेला. पुण्याच्या वेशीवरचा दगड, पुण्याच्या बाईच्या बोटात, केवढी विक्री होईल! पण मी करत नाही. अकीक काठिण्यात सातच्या आसपास, कॅव्हन्साइट तीन ते चार. हवेतल्या धुळीत गारेचे कण असतात, ते सातचे. रोजच्या वापरात महिन्याभरात ओरखडे पडतील आणि सुया तुटतील. तो काचेच्या पेटीत ठेवायचा दगड आहे.

काका: नाही म्हणालीस, ते उत्तम केलंस. मग ऑनिक्सच्या वेळी काय झालं?

पुतणी: तिथे गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येणार नव्हतं म्हणून.

ती हसत म्हणाली, पण म्हणाली. आणि मग काकांनी जो प्रश्न टाकला, त्यावर बराच वेळ गेला.

काका: आता मुख्य गोष्ट. बाहेर पाटी लावलीस, "हाताने घडवलेले". कुणाच्या हाताने? हा खडा तू कापलास? घासलास? या मण्याला भोक तू पाडलंस?

पुतणी: नाही. खडे जयपूरहून येतात, जोहरी बाजारातून. अकीकाचे मणी खंभातचे.

काका: मग दोन तास तुझे. आणि त्या दोनशे वीस रुपयांच्या खड्यात किती जणांचे किती तास आहेत?

पुतणी: ते मला माहीत नाही. व्यापारी लडीवर भाव सांगतो, नाहीतर वजनावर.

काका: म्हणजे सराफासारखाच.

खंभातची हकीकत थोडी सांगायला हवी. कच्चा दगड येतो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून. उन्हात वाळवून मडक्यात घालून तो मंद आचेवर भाजतात. दगडातलं लोह तापून लाल होतं आणि मातकट गोटा तांबडा अकीक बनतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोच्यावर तो टेकवून शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने त्याचे टवके उडवतात. नंतर घासणं, भोक पाडणं, चकाकी देणं. या कामाला हजारो वर्षांची परंपरा आहे. मेसोपोटेमियात उरच्या राजेशाही थडग्यांत सापडलेले लांबट लाल मणी सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांचे समजले जातात, आणि तसल्या एका मण्याला भोक पाडायला दिवसच्या दिवस लागत असत. आपलाही यात वाटा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून गाड्या भरभरून अकीकाच्या जातीचे दगड भरूचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेला दगड, गुजरातचं बंदर आणि दूरदेशीचं गिऱ्हाईक, ही साखळी दोन हजार वर्षांपूर्वीही होती.

पण खंभातचं दुसरं वास्तव परंपरेच्या गौरवात सहसा येत नाही. दगड घासताना उडणारी धूळ म्हणजे सिलिका. ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर बरा करणारा इलाज नाही. खंभातच्या घासणाऱ्यांत हा आजार कसा पसरलेला आहे, याचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केलेला आहे. काम बरंचसं घरोघरी चालतं, नगावर मजुरी मिळते, त्यामुळे घासणाऱ्याशेजारी बसलेल्या घरच्यांच्या श्वासातही तीच धूळ जाते. अकीकाची लड स्वस्त असते ती दगड मुबलक आहे म्हणून, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं त्या धुळीत आहे.

पुतणी: हे मी वाचलं आहे. पण मी काय करू? मी वर्षाला मूठभर लडी घेते. माझ्याने खंभातची मजुरी वाढायची नाही.

काका: वाढायची नाही. माझ्यानेही झवेरी बाजारात आलेल्या बंगाली कारागिरांची वाढली नाही. पण मी कधी पाटी लावली नव्हती "हाताने घडवलेले" अशी. तू लावतेस, आणि त्या पाटीवर भाव मागतेस. मग पाटी पूर्ण लिही.

पुतणी: पूर्ण म्हणजे?

काका: मणी खंभातला, घासलेला तिथे, गुंफलेला पुण्यात. भाजलेला असेल तर भाजलेला, रंगवलेला असेल तर रंगवलेला.

पुतणी: लोक घाबरतील.

काका: थोडे घाबरतील. सोन्यात तांबं किती आहे हे सांगितल्यावर लोकांनी सोनं घेणं सोडलं?

पुतणी: शेजारच्या स्टॉलवाला हेच मणी "हिमालयीन ऊर्जेचा खडा" म्हणून दुप्पट भावाने विकतो. पेटीतून तयार माल येतो त्याचा, गुंफलेलासुद्धा. पाटी मात्र माझ्याचसारखी.

काका: मग तुझी पाटी त्याच्यासारखी का ठेवतेस?

पुढचं बोलणं दुकानांवर गेलं. दुकानदार चाळीस टक्के कापून घेतो. अकराशेतले तिच्या हाती 660 येतात, माल वजा जाता दोन तासांचे 260. प्रदर्शनात अकराशे आणि दुकानात तेराशे लावले, तर गिऱ्हाईक दोन्हीकडे फिरतंच, आणि दोन्हीकडचा विश्वास जातो. काका म्हणाले, दुकानाला देऊच नकोस. ती म्हणाली, जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात असतात, तेव्हा 260 हेच खूप. हा वाद सुटणारा नव्हता आणि सुटलाही नाही.

काका: आणि बिल? देतेस का?

पुतणी: राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. माझी तर त्याच्या आसपासही नाही. पण साधी पावती देता येईल. तिच्यावर खड्याचं नाव, कुठला, काय प्रक्रिया झाली, हे लिहिता येईल. आणि हाताचे किती, तेही.

काका: हाताचे किती, हे लिहिशील? माल 400, मजुरी 400, स्टॉल 300 असं उघड?

पुतणी: का नाही? तुम्ही कधी लिहिलंत नाही म्हणून?

काका: (जरा वेळाने) आमच्याकडे लिहिलं असतं तर कारागिराने वाचलं असतं, आणि गिऱ्हाइकानेही.

मला विचारलं तर माझं मत सरळ आहे. पुतणीचा भाव बरोबर आहे, किंबहुना थोडा कमीच आहे. तासाला दोनशे म्हणजे पुण्यात नळ दुरुस्त करणाऱ्याच्या एका फेरीइतकेही नाहीत. घासाघीस न करण्याचा तिचा हट्टही बरोबर आहे, कारण सूट कुठून जाते ते तिने नेमकं सांगितलं. पण तिच्या आधी ज्या हातांनी दगड भाजला, फोडला, घासला, त्यांचा उल्लेख चिठ्ठीवर नसताना ती जे मोल मागते, ते अपुऱ्या कागदावर मागते. सराफाच्या पावतीत धातू असतो आणि हात लपलेला असतो. स्टॉलच्या पाटीवर एक हात असतो आणि बाकीचे लपलेले. यातलं दुसरं लपवणं निदान आज दुरुस्त करता येण्यासारखं आहे. त्याला कायदा लागत नाही, एक पेन लागतं.

तेव्हा या हिवाळ्यात प्रदर्शनात गेलात, तर "शेवटचा भाव काय?" हे विचारण्याआधी विचारा: खडा कुठला, कुठे घासला, रंगवला की तापवला? उत्तर सरळ मिळालं, तर चिठ्ठीवरचे पैसे न कुरकुरता द्या. नाही मिळालं, तर खुशाल घासाघीस करा, नाहीतर पुढच्या स्टॉलवर जा.